उतारवयातले पाचारण

झाँसीची छावणी आणि झाँसीचा रेल्वे कारखाना, दोन्हीकडे माणसाच्या कामाची अखेर आधीच कागदावर लिहिलेली असते. शिपाई चाळिशीच्या आसपास पेन्शनीत निघतो. रेल्वेतला फिटर, गार्ड, कारकून साठाव्या वर्षी. १९९८ पूर्वी तर अठ्ठावन्नाव्या. तारीख आली की क्वार्टर सोडायचा, पेन्शनची कागदपत्रे जपून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवसापासून आपली कुणाला गरज आहे का, हा प्रश्न घेऊन उठायचे. याच शहरात संत ज्यूडचे प्रसिद्ध तीर्थमंदिर आहे. ते उभारले माल्टाहून आलेले कपुचिन बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक यांनी. १९५४ मध्ये झाँसी हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचे ते पहिले बिशप. दरवर्षी २८ ऑक्टोबरच्या सणाला तिथे दूरदूरहून भाविक येतात. ज्यूड हा बारा प्रेषितांपैकी एक, आणि ज्यांचे सगळे उपाय खुंटले त्यांचा मध्यस्थ अशी त्याची ख्याती.

निवृत्तांच्या या गावात एक प्रश्न थेट विचारता येतो. देवाने दिलेले काम कधी संपते का? आणि अंगातले बळ ओसरल्यावर ख्रिस्ती माणूस ज्या आशेवर जगतो, ती नेमकी कशाची आशा? ख्रिस्ती परंपरेने, आणि विशेषतः मराठी ख्रिस्ती माणसांनी, या प्रश्नांना दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. त्यांचा हा आढावा.

झाँसीचा मराठी माणसाशी संबंध तिथल्या नेवाळकर राजघराण्यापाशी संपत नाही. इंडियन मिडलंड रेल्वे आली, पुढे ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत विलीन झाली, आणि १९५१ पासून २००३ पर्यंत झाँसी विभाग मध्य रेल्वेत होता. म्हणजे इथल्या माणसाची बदली, बढती आणि निवृत्तीचा हुकूम मुंबईच्या बोरीबंदरच्या कचेरीशी बांधलेला. त्याच्याही आधी, १८२५ मध्ये, झाँसीच्या मुलखातल्या काशीपुरा गावी एका चित्पावन घरात नीलकंठ गोऱ्हे यांचा जन्म झाला. मराठी ख्रिस्ती विचाराचा पहिला मोठा तत्त्वज्ञ बुंदेलखंडात जन्मला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नीलकंठशास्त्री काशीत वाढले. मिशनऱ्यांचे खंडन करायचे म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र हाती घेतले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडची वारी, हिंदीतला ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ, १८७० मध्ये पुरोहितपदाची दीक्षा, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त संघात उमेदवारी, असा त्यांचा प्रवास. अखेरची वर्षे मुख्यतः पुण्यात गेली आणि २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत ते वारले.

त्यांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. चार्ल्स गार्डनर यांनी १९०० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यातून दिसणारा म्हातारा शांत, निश्चिंत, सगळे प्रश्न सुटलेला असा ऋषी नाही. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. आपली श्रद्धा पुरेशी आहे का, आपण योग्य संघात आहोत का, याची टोचणी त्यांना कधी सोडून गेली नाही. संघाची अखेरची व्रतेही त्यांनी घेतली नाहीत. तरी ते लिहीत राहिले, शिकवत राहिले, सुशिक्षित मराठी तरुणांशी वाद घालत राहिले. ख्रिस्ती धर्म मानवनिर्मित नाही हे मांडणारे त्यांचे पुस्तक १८८८ चे, म्हणजे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीचे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यामागे याच गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. स्वतःच्या मनात धाकधूक असलेला माणूस दुसऱ्याला वाट दाखवून गेला. वय झाले की श्रद्धा आपोआप पक्की होते असे आपण समजतो आणि मग एखाद्या आजोबांनी शंका बोलून दाखवली की घरचे आणि पाळक दोघेही गोंधळतात. त्या आजोबांना गोऱ्ह्यांची हकीकत सांगावी.

त्यांची मुलगी एलेन लक्ष्मी. १८५३ मध्ये काशीत जन्मली; आई लगेच गेली; मूल परक्यांच्या हाती, पुढे इंग्लंडमध्ये एका धर्मगुरूच्या घरी वाढले. १८८० मध्ये ती स्वखुशीने भारतात परतली, १८९७ मध्ये तिला सेविकापदाची दीक्षा मिळाली, आणि अलाहाबाद-कानपूरकडच्या मुलींसाठी तिने आयुष्य घालवले. १९३७ मध्ये, ८३ वर्षांची होऊन, ती गेली. तिची इंग्रजी भक्तिगीते जगभर गायली गेली. तिच्या मराठी आडनावाची दखल मात्र महाराष्ट्राने फारशी घेतली नाही.

आता मूळ ग्रंथाकडे. पवित्र शास्त्रात म्हातारपणाची एकच प्रतिमा शोधणाऱ्याची निराशा होते. यहोशवाच्या पुस्तकात ८५ वर्षांचा कालेब उभा राहून सांगतो की माझे बळ पूर्वीइतकेच आहे, मला डोंगराळ मुलूख द्या, तिथल्या तटबंदीच्या शहरांशी मी लढेन. प्रवचनांत हा कालेब फार लाडका आहे. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ८० वर्षांचा बर्जिल्लय आहे, त्याच्यावर मी तरी फारशी प्रवचने ऐकलेली नाहीत. दाविद राजा संकटात असताना या धनाढ्य गिलादी म्हाताऱ्याने त्याला आणि त्याच्या माणसांना अन्नपाणी पुरवले. राज्य परत मिळाल्यावर राजाने त्याला यरुशलेमेत आपल्याजवळ राहायला बोलावले. बर्जिल्लयाने नम्रपणे नकार दिला. त्याचे म्हणणे असे की, मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज नीट ऐकू येत नाहीत, मी राजाला ओझे कशाला होऊ? मला माझ्या गावी, आईबापांच्या थडग्याजवळ मरू द्या. आणि आपल्याऐवजी त्याने किम्हाम नावाच्या तरुणाला पुढे केले. यर्देन नदीपर्यंत मात्र तो राजाला पोहोचवायला स्वतः गेला.

कालेब आणि बर्जिल्लय यांच्यात खरा कोण, असे विचारू नये. दोघेही विश्वासू. एकाला लढण्याचे पाचारण होते, दुसऱ्याला जागा मोकळी करून देण्याचे. मंडळीच्या कमिट्यांमध्ये वर्षानुवर्षे तीच नावे राहतात तेव्हा, आपल्याला बर्जिल्लयाचा धडा कुणी शिकवलाच नाही, असे मला दरवेळी वाटते.

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात दोन वृद्ध भेटतात. शिमोन तान्ह्या येशूला हातांत घेतो आणि आता मरायला मोकळा झालो असे म्हणतो. ८४ वर्षांची विधवा हन्ना उपास आणि प्रार्थना करीत मंदिरातच असते, आणि मूल पाहिल्यावर ती येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची गोष्ट सांगत सुटते. एक निरोप घेतो, दुसरी कामाला लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू पेत्राला सांगतो की, तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि नको तिथे तुला नेईल. हे शब्द पेत्राच्या हौतात्म्याला उद्देशून आहेत, पण ज्याने घरातल्या माणसाला हाताला धरून न्हाणीघरात नेले आहे त्याला ते निराळेच ऐकू येतात. त्या वाक्यानंतर लगेच आज्ञा येते: माझ्यामागे ये. म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवले जाणे हाही अनुसरणाचाच भाग धरलेला आहे.

पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र मला या सगळ्यात जवळचे वाटते. तुरुंगातला, मरण समोर दिसणारा हा माणूस आपली धाव संपत आल्याचे लिहितो, मुकुटाची आशा सांगतो, आणि पुढच्याच ओळींमध्ये निरोप देतो की त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, चर्मपत्रे तर नक्की आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. स्वर्गाची आशा असलेल्या माणसाला थंडी वाजते, वाचायला पुस्तक हवे असते, आणि एकटे वाटते. पौलाला त्याची लाज वाटत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रतिमा हाडामांसाच्या होऊन येतात. बाबा पदमनजींनी १८७३ मध्ये पाळकपद सोडले आणि पुढची तीसहून अधिक वर्षे लेखणीला वाहिली; ते १९०६ मध्ये गेले. पद गेले तरी काम राहते, याचे हे साधे उदाहरण. कवी नारायण वामन टिळकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. मिशनमधल्या पुष्कळांना ते पटले नाही. वानप्रस्थ आणि संन्यास हे आपल्या मुलखातले जुने आश्रम टिळकांनी ख्रिस्ती जीवनात आणले, पण त्यांचा अर्थ फिरवला: संसारातून बाजूला व्हायचे ते अधिक लोकांत मिसळण्यासाठी. जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले.

ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नाआधी अक्षरओळख नव्हती आणि जोडाक्षरांशी जिचे आयुष्यभर भांडण राहिले, तिने नवऱ्याच्या अकराएक अध्यायांना पुढचे ६४ अध्याय जोडले. ते महाकाव्य १९३८ मध्ये छापून आले. त्याच्या दोन वर्षे आधी, २४ फेब्रुवारी १९३६ ला, नाशिकला त्या वारल्या होत्या. आणि ‘स्मृतिचित्रे’, मराठीतले कदाचित सर्वात जिवंत आत्मचरित्र, तेही साठी उलटल्यावर लोकांपुढे आले. लक्ष्मीबाई तरुणपणी लिहू लागल्या असत्या तर काय झाले असते कोण जाणे, पण त्या पुस्तकातली क्षमा वयाखेरीज आली नसती. सोवळेओवळे, ताटातूट, नवऱ्याचा तापट स्वभाव, प्लेगची छावणी, वैधव्य, सगळे त्यात आहे आणि कुठेही कडवटपणा नाही. म्हातारपणी आठवणी सांगणे ही करमणूक समजली जाते. लक्ष्मीबाईंच्या हाती ती सेवा झाली, कारण त्यांनी खरे सांगितले.

रमाबाईंचा शेवट वेगळा. ऐकू येणे फार पूर्वीच कमी झाले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुली-बायकांचा व्याप सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरवण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथेच शिकलेल्या बायकांच्या हातून. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी आणि वारस मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्या मुद्रिते तपासत होत्या. ज्या मुलीच्या हाती सगळे सोपवायचे ती उरली नाही, तरी हातातले पान पुरे करायचे. ख्रिस्ती आशेची याहून स्पष्ट व्याख्या मला माहीत नाही. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

एका परक्या माणसाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट हे महाराष्ट्रातली सेवा संपवून न्यू जर्सीला परतले. निवृत्त मिशनरी साधारणपणे आठवणी लिहितात. अ‍ॅबट यांनी त्र्याहत्तराव्या वर्षी, १९२६ मध्ये, महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी माला सुरू केली: भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम. १९३२ मध्ये ते वारले तेव्हा महिपतीच्या ‘भक्तिविजया’चे भाषांतर छापायचे राहिले होते, पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने झालेले ते काम त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. ज्या लोकांना उपदेश करण्यात उमेदीची वर्षे गेली, त्यांच्या संतांचे म्हणणे उतारवयात बसून नीट ऐकायचे आणि जगाला ऐकवायचे, यात मला मोठी कृतज्ञता दिसते.

जगातल्या इतर ख्रिस्ती परंपरांचे उत्तर थोडक्यात पाहू. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ मध्ये, स्वतः ७९ वर्षांचे असताना, वृद्धांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि कंपवाताने थरथरत २००५ मध्ये मरेपर्यंत पद सोडले नाही. त्यांच्यानंतरच्या बेनेडिक्ट यांनी २०१३ मध्ये, वयामुळे बळ पुरत नाही असे सांगून, पद सोडले. पुन्हा कालेब आणि बर्जिल्लय. कॅथलिक बिशपांनी ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा, हा नियम तर धर्मकायद्यातच आहे. फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठी राखला. प्रॉटेस्टंटांकडे बिली ग्रॅहम आणि जे. आय. पॅकर यांची पुस्तके आहेत, दोन्ही नव्वदीच्या आसपास लिहिलेली.

मात्र सर्वांत खोल उत्तर मला फ्रान्सच्या जान जुगाँच्या आयुष्यात सापडते. १८३९ च्या हिवाळ्यात या गरीब मोलकरणीने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणून स्वतःची खाट दिली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. १८८२ मध्ये तो कोलकात्याला आला, आणि मुंबईत अंधेरीला त्यांचा वृद्धाश्रम आज चालतो. पण स्वतः जान जुगाँला काही वर्षांतच प्रमुखपदावरून बाजूला सारले गेले. शेवटची २७ वर्षे ती मठातच, नव्या मुलींमध्ये राहिली, आणि या म्हातारीनेच आपला संघ स्थापन केला हे त्या मुलींना माहीत नव्हते. तिने ते सांगितलेही नाही. १८७९ मध्ये, ८६ व्या वर्षी, ती गेली. २००९ मध्ये चर्चने तिला संत म्हटले.

हे सगळे समोर ठेवले की माझे मत असे बनते. उतारवयावरचे बहुतेक ख्रिस्ती लिखाण आणि प्रवचने वृद्धाला उभारी देण्यासाठी कामाची यादी पुढे करतात: अजून पुष्कळ करता येईल, थांबू नका. हेतू चांगला आहे, क्रम चुकलेला आहे. सेवा आधी आणि तिच्या जोरावर आशा, असा हिशेब मांडला तर ज्याच्याकडून काहीच होत नाही त्याच्या वाट्याला काय उरते? स्मृती गेलेली आजी प्रार्थनाही करू शकत नाही, तिला मुलाचे नाव आठवत नाही, येशूचेही आठवत नाही. ख्रिस्ती विश्वासाचा दावा असा की तिला देव विसरलेला नाही, आणि तिचे पुनरुत्थान तिच्या आठवणीवर अवलंबून नाही. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वागवीन. आधी हे वाहून नेले जाणे. मग त्यातून, जितके जमेल तितके, देणे. जान जुगाँच्या त्या २७ वर्षांत नाव काढावे असे काही घडले नाही. ती वर्षे वाया गेली असे म्हणणारा विश्वास ख्रिस्ती म्हणता येणार नाही.

याची दुसरी बाजू मंडळीच्या जबाबदारीची आहे आणि तिथे आपण कमी पडतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनी साठीपुढच्या विधवांची नोंदवही ठेवली होती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिचे नियम आहेत, आणि घरच्यांनी आपल्या माणसांकडे आधी पाहावे असे बजावलेही आहे. आपल्याकडे बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची नोंद आहे. कोण एकटा राहतो, कोणाला जिना उतरवत नाही, कोणाच्या घरी प्रभुभोजन न्यायला हवे, याची नोंद किती मंडळ्यांकडे आहे? झाँसीसारख्या रेल्वेच्या आणि लष्करी गावांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिथले पुष्कळ वृद्ध मूळचे तिथले नसतात. अँग्लो-इंडियन घरांतली तरुण पिढी स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. मराठी घरांतली मुले आता पुण्या-मुंबईला, आखातात जातात. मागे राहिलेल्याला नातलग म्हणून उरते ती मंडळीच.

सांभाळण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याकडून मागणे. मंडळीतल्या निवृत्त माणसाला आपण सणाच्या दिवशी शाल घालतो आणि पुढच्या सणापर्यंत विसरतो. त्याला काम द्यावे, बेताचे आणि खरे. रुग्णांच्या नावांची यादी रोज प्रार्थनेसाठी द्यावी आणि आठवड्याने कोण बरे झाले ते येऊन सांगावे. परगावी गेलेल्या तरुणांना फोन करायचे काम द्यावे. शनिवारी मुलांना त्याच्याकडे पाठवावे. आणि ज्याच्याकडे मंडळीचा जुना इतिहास तोंडपाठ आहे, त्याच्याजवळ वही किंवा मोबाइल घेऊन कुणीतरी बसावे. रेल्वे कॉलनीतल्या पहिल्या उपासना कुणाच्या घरी व्हायच्या, जुनी घंटा कुठून आली, प्लेगात आणि फाळणीत मंडळीने काय केले, हे सांगणारी माणसे आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत.

पाळकांना आणि पंचमंडळींना माझी विनंती आहे: येत्या महिन्यात आपल्या मंडळीतल्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाची यादी करा, प्रत्येकाच्या घरी जा, आणि तुम्हाला काय हवे आहे एवढेच विचारून परत येऊ नका. आमच्यासाठी तुम्ही काय कराल, हेही विचारा.